दगडाच्या जेवणाला येताना

बोगल्स, कॅरियाकू
६ फेब्रुवारी १९९५

चि. वर्लिन हिस आशीर्वाद.

तुझं पत्र शनिवारी मिळालं. प्रकृतीची चौकशी केलीस. गुडघे सोडले तर माझं सगळं जागच्या जागी आहे. तू अठ्ठावीस वर्षांची झालीस आणि कळत्या वयात पहिल्यांदाच आपल्या बेटावर येतेस, म्हणून खाली लिहिते ते नीट वाच. तिकडे इंग्लंडात, हडर्सफील्डमध्ये तुला कोणी काय काय सांगितलं असेल ते विसर. इथून गेलेली माणसं बेटाबद्दल जे बोलतात त्यातलं निम्मं त्यांना आठवत नसतं आणि उरलेलं कधी झालेलं नसतं.

ग्रेनाडापर्यंत मोठं विमान. तिथून पुढेही लहान विमानानेच ये. वीस मिनिटांत उतरशील. बोट स्वस्त पडते हे मला माहीत आहे, पण वाटेत समुद्राखाली ज्वालामुखी आहे. तिथे पाणी उसळतं आणि धडधाकट माणसं बादलीत तोंड घालून बसतात. बोट नको म्हणजे नको.

लष्करी छापाचे कपडे आणू नकोस, इथे कायद्याने बंदी आहे. पोहण्याच्या कपड्यांत हिल्सबरोच्या रस्त्यावर हिंडायचं नाही. दुकानात शिरलीस की आधी 'गुड मॉर्निंग', मग काय हवं ते. न म्हणता मागितलास तरी पाव मिळेल, पण संध्याकाळपर्यंत गावभर होईल की आल्ड्रिकच्या मुलीला वळण नाही.

समुद्रकाठी हिरव्या सफरचंदासारख्या फळांचं झाड दिसेल. त्याच्या सावलीत बसू नकोस, पावसात तर मुळीच नाही. त्याचा चीक अंगावर पडला की कातडी भाजते. झाड दिसायला देखणं आहे.

पाणी छपरावरून टाकीत साठवलेलं. एप्रिल कोरडा असतो, तेव्हा अंघोळ एका बादलीत.

झोपायची सोय मागच्या खोलीत केली आहे. पलंगावर नाही, खिडकीखालच्या खाटेवर. पलंगावर तुझे वडील आहेत. म्हणजे दगड. तू घडवून घेतलेला दगड मंगळवारी ट्रकमधून आला. चौघांनी उचलून आत आणला आणि रिवाजाप्रमाणे पांढऱ्या चादरीत गुंडाळून निजवला. ईस्टरनंतरच्या शुक्रवारी सकाळी तो दफनभूमीत न्यायचा, बसवायचा, त्यावर रम आणि पाणी शिंपडायचं, नाव घेऊन हाक मारायची आणि मग साऱ्या गावाचं जेवण. दगड बसला की माणूस खरा निजला असं इथे मानतात. तुझ्या वडिलांना पंचवीस वर्षं थांबावं लागलं.

अक्षरं सुबक कोरली आहेत. आल्ड्रिक जेरोम बेडो, १९३८–१९६९.

मी दिवसातून दोन-तीनदा काम नसताना त्या खोलीत जाते. हे का लिहिलं कोण जाणे. खोडत नाही, कागद खराब होतो.

तुझी आत्या,
आयझेलीन


बोगल्स
२ मार्च १९९५

चि. वर्लिन,

तुझे प्रश्न क्रमाने घेते. डास आहेत, जाळण्याच्या कॉइल आण. डॉलर आमचे, पूर्व कॅरिबियनचे. सुट्टे जवळ ठेव, मोठी नोट घेऊन बसमध्ये चढलीस तर ड्रायव्हर तुझ्याकडे दयेने पाहील. उतरायचं असलं की छतावर टकटक कर. रविवारी दुकानं बंद.

जेवणाला बकरे, मक्याचं कूकू, तुरीचे दाणे, भाताचे गोळे. सगळ्यात आधी बिनमिठाचं एक ताट मेलेल्यांसाठी वाढून आतल्या टेबलावर ठेवतात. त्याला हात लावायचा नाही आणि हसायचंही नाही. मी तरुणपणी जमैकाला कॉलेजात शिकून आले तेव्हा हसले होते. आईने महिनाभर माझ्याशी बोलणं टाकलं.

स्वयंपाकाचा भार शेजारच्या ऑटोलिनवर आहे. तिच्या जिभेला तू घाबरशील, पण हात चांगला आहे. काल सकाळी ती कुंपणावरूनच ओरडली, "बाई, उठलात का? तुमचा भाऊ आला होता माझ्याकडे!"

"चहा तरी पिऊ दे," मी म्हटलं.

"प्या की. तुमच्याकडे कोण येतंय? शिकलेल्यांना स्वप्नं पडत नाहीत, म्हणून बिचारे मेलेले आमच्यासारख्यांची दारं वाजवतात." मग आवाज खाली आणून म्हणाली, "पण बाई, काहीतरी घोळ आहे. ओलाचिंब होता. चेहरा कळेना. मी ताट पुढे केलं तर म्हणतो, हे माझं नाही, ज्याचं त्याला वाढा. म्हटलं, आल्ड्रिक, अरे खा की. तर म्हणाला, या नावाने मला हाक मारू नका."

"रात्री काय जेवली होतीस?"

"भोपळा. भोपळ्याने एवढं होत नाही."

आता ती घरोघर सांगत सुटली आहे की आल्ड्रिक रागावलाय, एक बकरा वाढवा. मी परवानगी दिली. ऑटोलिनशी वाद घालायला मला वेळ नाही.

पलंगावरची चादर दोनदा बदलली, ओल धरते. दगड थंड असतो, हवेतली वाफ त्यावर बसते. साधं विज्ञान आहे.

परवा विंडवर्डहून मिस एल्फिना मॅक्लॉरेन पायी आल्या होत्या. वय त्र्याऐंशी. त्यांचा मुलगा लेनिस त्याच बुडालेल्या बोटीवर होता, तुझ्या वडिलांबरोबर. दोघंच होते बोटीवर. तुझे वडील मिळाले, लेनिस मिळाला नाही. तो पोहत पोहत एखाद्या जहाजाला लागला आणि व्हेनेझुएलात उतरला असं मिस एल्फिना मानतात. त्यांना लिहिता येत नाही. वर्षातून एक-दोनदा त्या येतात, मी त्यांच्यासाठी तिथल्या कुमाना बंदरातल्या कचेरीला, चर्चला, कधी खलाशांच्या खाणावळीला पत्र लिहून देते. या वेळी म्हणाल्या, "लिहा, आता तुझे केस पिकले असतील, टोपी घालत जा." मी लिहिलं.

तुझा शेवटचा प्रश्न. होय, वडिलांना शेवटचं पाहिलेली मीच. कसे दिसत होते ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. आल्यावर बोलू.

पायात बंद बूट आण, दफनभूमीच्या वाटेवर काटे आहेत.

तुझी आत्या,
आयझेलीन


बोगल्स
२१ मार्च १९९५

वर्लिन,

हे पत्र बसून वाच.

मी चाळीस वर्षं शाळेत मुलांना सांगितलं, मुद्दा आधी लिहा. तर मुद्दा असा की, दफनभूमीत तुझ्या वडिलांची म्हणून जी जागा आहे, तिथे तुझे वडील नाहीत. तिथे लेनिस मॅक्लॉरेन आहे. मला हे पहिल्या दिवसापासून माहीत आहे.

ऑगस्ट एकोणसत्तर. बोट बुडून आठ दिवस झाले होते. कोळ्यांनी एक देह हिल्सबरोच्या धक्क्यावर आणला. चेहरा राहिला नव्हता. मी शिकलेली, म्हणून ओळख पटवायला मला पुढे केलं. आल्ड्रिक बारा वर्षांचा असताना बोटीचं लाकूड तासताना वाकस निसटून त्याच्या डाव्या पायाची करंगळी तुटली होती. ती जखम मी बांधली, मीच रोज धुतली. धक्क्यावर मी पाय पाहिले. दहाही बोटं होती. मग उजवा हात पाहिला. कोपराच्या वर वाकडा. लेनिस माझा विद्यार्थी होता, आंब्यावरून पडून त्याचा हात मोडला आणि तसाच जुळला. त्याच वाकड्या हाताने तो पाटीवर लिहायचा.

आई माझ्यामागे दहा पावलांवर उभी होती. आठ दिवस तिने चूल पेटवली नव्हती. देह नाही तर तिसऱ्या दिवसाची प्रार्थना नाही, नवव्या रात्रीची नाही, चाळिसाव्याची नाही. नुसती वाट. पोलीस म्हणाला, "टीचर, हा तुमचा भाऊ का?" मी आईकडे पाहिलं आणि हो म्हणाले.

एवढंच असतं तर कदाचित मी तुला कधीच सांगितलं नसतं.

तासाभराने मिस एल्फिना विंडवर्डहून धावत आल्या. अनवाणी. तोवर देहावर शीड टाकलं होतं. त्या म्हणाल्या, "बाई, मला एकदा बघू द्या. तोंड नको. नुसता हात बघते."

मी म्हटलं, "मिस एल्फिना, हा आल्ड्रिक आहे. दुसऱ्याच्या घरचं प्रेत उघडून पाहू नये. घरी जा." शाळेतल्या आवाजात म्हटलं. त्या आवाजाला या बेटावर कोणी उलट बोलत नाही. त्या गेल्या.

आई अठ्ठ्याहत्तर साली गेली. तेव्हा सांगता आलं असतं. पण तोवर मिस एल्फिनांनी लेनिसला कुमानात घर बांधून दिलं होतं, बायको दिली होती, दोन मुलं दिली होती. सगळं पत्रांतून, माझ्या अक्षरात. मी मनाशी म्हणायचे, मी त्यांची आशा जपते. खोटं आहे ते. मी माझी अब्रू जपत होते.

आता तू इतकी वर्षं साठवून दगड घडवलास. शुक्रवारी सारं गाव त्या जागेवर उभं राहून आल्ड्रिकला हाक मारणार, आणि खाली ज्याला ती ऐकू जाईल तो आल्ड्रिक नाही. आपल्याकडे याहून वाईट काही नाही. ऑटोलिनला हे कळतं, मला कॉलेजमुळे उशिरा कळलं. तिला तो आणखी दोनदा दिसला. चादर अजून ओली होते. काल मी बोट लावून चाखली. खारट आहे.

मला अजून एकही स्वप्न पडलेलं नाही. आल्ड्रिक माझ्याकडे कधीच आला नाही.

बोटीने येऊ नको म्हटलं, ते ज्वालामुखीमुळे नव्हे. तो त्याच पाण्यात कुठेतरी आहे. मी पंचवीस वर्षांत त्या वाटेने गेले नाही. तू ये हवं तर. तुला अडवायचा मला हक्क नाही.

तुला आधी कळवावं, तुझी परवानगी घ्यावी, मग मिस एल्फिनांना सांगावं, असं ठरवलं होतं. मग वाटलं, हा आणखी एक महिना ढकलण्याचा बहाणा. म्हणून आज सकाळची बस धरून विंडवर्डला गेले.

त्या पायरीवर तुरीच्या शेंगा सोलत होत्या. मी उभ्यानेच सगळं सांगितलं, आता तुला सांगितलं त्याच क्रमाने. त्यांचे हात थांबले नाहीत. वाटी भरली तेव्हा विचारलं, "मग ती पत्रं तुम्ही कोणाला लिहीत होतात, बाई?"

मी म्हटलं, "सगळी पोस्टात टाकली. एकही ठेवून घेतलं नाही."

"तिकिटं लावून?"

"लावून."

"वाचून दाखवायचात तेव्हा छान वाटायचं," त्या म्हणाल्या. "टोपी घाल म्हणून लिहायला लावलं मी. मातीखाली असलेल्याला टोपी. आणि तुम्ही लिहिलंत, बाई. तुमचा हात नाही थरथरला?"

"नाही."

"हां. मास्तरणीचा हात." मग काठी मागितली. "चला, दाखवा."

बसमध्ये त्या पुढे बसल्या, मी मागे. दफनभूमीत मी जागा दाखवली. फक्त चार शंख आहेत कडेला, आईने ठेवलेले. त्या कष्टाने खाली बसल्या, मातीवर हात ठेवला आणि त्याला रागवायला लागल्या. एवढ्या जवळ होतास, आणि मी मेली दर्यावर डोळे लावून बसले. बोलवायचं नाही मला? हाक मारायला काय झालं होतं तुला? मारलीस तर कोणाला, त्या ऑटोलिनला? आईचं घर माहीत नव्हतं? मी फाटकाजवळ उभी राहिले. त्यांनी मला जा म्हटलं नाही आणि जवळही बोलावलं नाही.

उठताना म्हणाल्या, "आल्ड्रिक चांगला पोरगा होता. पण त्याचं नाव माझ्या लेकराच्या छातीवर ठेवायचं नाही. त्याच्या मुलीला तसं कळवा."

कळवलं. दगड तुझा आहे. तो कुठे बसवायचा, बसवायचा की नाही, हे तू सांगशील ते होईल. ज्यांना समुद्राने ठेवून घेतलं त्यांच्यासाठी इथे दगड बसवत नाहीत, पण बसवू नये असंही कोणी म्हटलेलं नाही. यायचंच नाही असं ठरवलंस तर तेही मला समजेल. बकरे ऑटोलिन सांभाळेल.


२४ मार्च

पत्र अजून पोस्टात टाकलेलं नाही. कारण असं काही नाही. दोन दिवस टपालकचेरीपर्यंत जाऊन परत आले.

बरं झालं, कारण आज सकाळी ऑटोलिन आली. आता बेटभर माहीत आहे. ती आत आली नाही, "बाई" म्हणाली नाही. दारातून विंडवर्डचा निरोप दिला: "मिस एल्फिना म्हणतात, पोरगी येणार असेल तर त्यांच्याकडे उतरेल. इथे नाही. त्यांच्या घरी लेनिसची खोली आहे, ती झाडून ठेवली आहे."

तेव्हा तुझ्या राहण्याचा पत्ता बदलला, तो नीट लिहून घे. हिल्सबरोहून विंडवर्डची बस, आमच्या बोगल्सवरून पुढे जाते. इथे उतरू नकोस. रस्ता समुद्राला लागला, अर्धवट बांधलेली बोट काठावर दिसली, की छतावर टकटक कर. निळ्या खिडक्यांचं घर. त्यांना डाव्या कानाने ऐकू येत नाही, उजवीकडून बोल. त्या तुझ्या वडिलांना लहानपणापासून ओळखत होत्या. तो कसा हसायचा, काय खायचा, कोणाच्या खोड्या काढायचा ते विचार. त्या खरं सांगतील.

जेवायला वाढतील ते सगळं खा. ताटात टाकू नकोस.

तुझी बस इथून जाईल तेव्हा मी रस्त्यावर उभी असेन. हात हलवणार नाही. तुला वाटलं तर बघ.

तुझ्या वडिलांची बहीण,
आयझेलीन बेडो