तळमजल्याची खोली

ब्वेनोस आयरेस, ६ फेब्रुवारी १९९४

चि. सौ. झुनिल्दा हिस रामोनाचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. सिरिलोची धाप कशी आहे? उशा रचूनच झोपतो का अजून? तुझी कंबर? लेकीचा, बासिलियाचा खोकला? लंगडी गाय? माझे गुडघे कुरकुरतात, पण चालतात.

हृदयाच्या इस्पितळाने माझ्या भावाला, सिरिलोला, घ्यायचं कबूल केलंय, पण राहायला जवळ जागा हवी. माझी खोली मालकिणीच्या स्वयंपाकघरामागची, त्यात माझेच पाय मावत नाहीत. आणि इथे स्वतःचं घर असलेला जामीनदार दिल्याशिवाय परक्या देशाच्या माणसाला कुणी दार उघडत नाही. म्हणून परदेशी लोकांना बिनजामिनाच्या खोल्या देणाऱ्या दोन कचेऱ्या पाहिल्या.

पहिलीतला माणूस आपल्या ग्वारानी भाषेत या ताई म्हणाला आणि मी विरघळलेच. माहेरचा वाटला गं! नशीब, आधी घर बघते म्हणाले. त्या पत्त्यावर टायरचं दुकान! दुकानदार म्हणाला, आजी, तुमच्यासारखे रोज कुणी ना कुणी येतात.

दुसरीतली बाई, एल्विरा, महाखडूस. पण घर उघडून दाखवलं, मला भाडेकरूंत एकटीला सोडलं. तिथल्या बोलिव्हियाच्या बायका म्हणाल्या, तोंडाने फटकळ, शब्दाची पक्की. आजाराचं ऐकून तिनेच सांगितलं की आज वरची खोली रिकामी आहे, पण जिना उभा, त्याला झेपायचा नाही; तळमजल्याची मार्चमध्ये सुटेल, ती त्याची. खोली खपवायची असती तर जिन्याचं बोलली असती का? माझा भरवसा बसला. थांबूया असं वाटतं. तुमचं मत कळव, माया असू दे.

तुझी, रामोना

व्हियारिका, २० फेब्रुवारी

ती. वन्संना झुनिल्दाचा नमस्कार.

तुमचं पत्र त्यांना वाचून दाखवलं. टायरच्या दुकानाला इतके हसले की धाप लागली. म्हणाले, ग्वारानी ऐकली की आमची ताई चोरालाही जेवायला वाढेल. जिन्याचं ऐकून म्हणाले, बाई खरी आहे, थांबू.

गुरुवारी सकाळी तेरेरे प्यायला अंगणात बसले. त्यात घालायला गार पाणी आणायला मी आत गेले. बाहेर आले तर मान कलली होती.

वन्सं, त्यांच्या आत्म्यासाठी नऊ दिवसांची प्रार्थना चालू आहे. बासिलिया त्यांच्या खुर्चीवरून उठत नाही. माझ्या मनात सारखं येतं, वरचीच खोली घेतली असती तर? चौघांनी उचलून चढवलं असतं. तुमच्यावर राग धरायचा नाही असं रोज ठरवते. त्या बाईंना खोली नको म्हणून सांगा, कुणाची तरी सोय होईल.

तुमची, झुनिल्दा

ब्वेनोस आयरेस, ६ मार्च

चि. झुनिल्दा,

जेवतेस ना? बासिलियाला जवळ घेऊन झोपत जा.

तू विचारलंस ते मीही स्वतःला रोज विचारते. कचेरी खरी की खोटी, एवढंच मी पारखत बसले. माझ्या भावाकडे वेळ किती उरलाय, ते पारखायचं राहून गेलं.

काल खोली सोडायला गेले. एल्विराने ती झाडून, पलंग खिडकीशी ओढून ठेवला होता. सिरिलोचं सांगितल्यावर ती पाठ फिरवून उभी राहिली. बाहेर दाराशी पेरूची एक बाई, कडेवर तापाने फणफणलेलं मूल घेऊन ताटकळत होती. मला विचारायला लागली की या लोकांवर विश्वास ठेवावा का, की अजून चार ठिकाणी चौकशी करू. मी म्हटलं, बाई, आत जा. जी खोली मिळेल ती घे, आजच घे.

घरी येईपर्यंत रडले नाही.

झुनिल्दा, राग धर. पाहिजे तेवढा धर, तो कागदावर उतरव, पण गप्प बसू नकोस. लवकर लिही.

तुझी, रामोना