तोंड उघडं ठेव

६ जानेवारी, निपाणी
लागले बाई एकदाची नोकरीला! सदलग्याहून सकाळची बस धरली. कर्नाटकात बायकांना बस फुकट, म्हणून कंडक्टरनं तोंड वाकडं करून तिकीट दिलं आणि मी गोड हसून घेतलं. स्टँडवर उतरलं की तंबाखूचा वास नाकात जातो, शिंका आवरत नाहीत. हॉस्पिटल खासगी, पण मोठं. माझी खोली तळाशी. ऑपरेशनची हत्यारं धुवायची, ट्रेमध्ये लावायची, कापडात बांधायची आणि ऑटोक्लेव्हमध्ये वाफवायची. आई विचारायची, डिप्लोमा करून करणार काय? आज सांगितलं, मोठा कुकर लावते.

माझ्या वरच्या मंगलआक्का. बोलायला साखर, पण डाव्या हाताचा मोजा जेवतानासुद्धा काढत नाहीत. स्वच्छतेचं वेड असेल. पहिला धडा आर्टरीचा. आर्टरी म्हणजे रक्ताची नस दाबून धरायचा चिमटा. कात्रीसारखा, टोकाला बारीक दात, मागं खटका. आक्का म्हणाल्या, वाफवताना तिचं तोंड उघडं ठेव गं, न्हायतर आत वाफ जात न्हाय.

९ जानेवारी
आज बांधलेला ट्रे उघडून बघितला तर दोन आर्टरी मिटलेल्या. मी उघड्याच ठेवल्या होत्या, आईची शपथ! एकीच्या दातांत पापुद्र्यासारखं काहीतरी होतं. कापूस समजून ओढलं. कातडी होती. माझीच धुण्यात चूक, म्हणून गुपचूप पुन्हा धुतल्या. नव्या नवरीनं पहिल्याच आठवड्यात दूध उतू घालवलं, असं कोणी म्हणायला नको.

१३ जानेवारी
आज सगळ्या मिटलेल्या. एकीत मांसाचा तुकडा. वाफेत मांस शिजतं, पांढरं पडतं, एवढं मटण करणाऱ्या कुणालाही कळतं. हे कच्चं होतं आणि त्यातून रक्त ठिबकत होतं.

दुपारी थिएटरमधला वॉर्डबॉय स्वरूप खाली आला, पांढराफटक. अपेंडिक्सचा पेशंट होता. डॉक्टरांनी लावलेली आर्टरी सुटेना. ओढली तर आतडं फाडूनच बाहेर आली. बेळगावला नेताना माणूस वाटेत गेला. स्वरूप सांगत होता, डॉक्टर म्हणाले खटका गंजलाय. मीच पुसते, गंज कुठला?

१५ जानेवारी
आक्कांना विचारलं. त्यांनी मोजा काढला. दोन बोटं नाहीत. मोज्यात कापूस भरलेला.

म्हणाल्या, भूक लागली की मिटत्यात. आपुन दिलं की गप ऱ्हात्यात. मटण देऊन बघितलं, चालत न्हाय, जित्तं लागतंय. मी माझं दिलं गं. आता तू आलीस.

म्हणून मला घेतलं? त्या ट्रे पुसत बसल्या. मला त्या क्षणी त्यांचा गळा धरावासा वाटला. उद्या राजीनामा. नोकरी गेली खड्ड्यात.

१६ जानेवारी
राजीनामा द्यायला आले आणि मागोमाग आईच आली. रिक्षातून, नेसलेलं लुगडं रक्तानं भिजलेलं. गर्भाची पिशवी आजच काढायला लागणार. बेळगावला हलवा म्हटलं तर डॉक्टर म्हणाले, रस्त्यातच जाईल. हत्यारांचं सांगितलं. ते हसले आणि मला पाणी द्यायला लावलं.

आक्का म्हणतात एकच ट्रे वर जाईल. तो मी भरवला तर आई सुटेल—

दिलं. डाव्या हाताची करंगळी. आक्कांनी मनगट धरलं. एक आर्टरी चावली, मग दुसरी, मग सगळ्याच तुटून पडल्या. खटके एकेक दात पुढं सरकत होते. हाड फुटल्याचा आवाज मी ऐकला. किंचाळले तर आक्कांनी तोंडात बोळा कोंबला. मग सगळ्यांनी तोंडं उघडली. पोट भरल्यासारखी.

ट्रे वर गेला. आई टेबलावर आहे.

त्याच दिवशी, दुपारी
आई बाहेर येईपर्यंत लिहीत बसते—

स्वरूप धावत आला. रक्त थांबत नाही, आर्टरी कमी पडताहेत, डॉक्टर वरून कानडीत ओरडताहेत, लगून कोडरी, लवकर द्या. मी जागची उठेपर्यंत आक्कांनी फळीवरचा दुसरा ट्रे दिलासुद्धा.

दुसरा. तो मी भरवलेला नाही.

मी ओरडले. आक्का शांत. म्हणाल्या, त्या बी उपाशीच हुत्या की गं.

वर धावले. दार आतून बंद, परत खाली आले. आईला भूल दिलीय, तरी आई ओरडतेय, खालपर्यंत ऐकू येतंय. आता नाही ओरडत—

खोलीच्या खिडकीतून ट्रे परत आला. सगळ्या मिटलेल्या. प्रत्येकीच्या दातांत— गरम आहे अजून—

आक्का म्हणतात लिहीत काय बसलीस, धुवायला घे.

नाही. धुवायचं नाही. आधी खटके उघडते. आईचं जे जे आहे ते सगळं वर नेते. लगेच नेलं तर डॉक्टर शिवतील, अजून गरम आहे, शिवता ये—