डुबक्याचा डावा कान

३ मार्च, सकाळी
कंपनीचं पत्र आलं. डुबक्याला यंदा तीस वर्षं होतायत, त्याचा अधिकृत इतिहास काढायचाय, तो मी लिहावा अशी विनंती. झाली एकदाची आठवण! आमच्या गेममधलं हे पाणमांजर आज दप्तरांवर, कपांवर, मोज्यांवर, कुठेही दिसतं. ओळखायची खूण एकच: डावा कान नाही. कंपनीच्या पहिल्या खोलीत आम्ही चौघं होतो. मालक वारले, प्रोग्रॅमर परदेशात गेला तो गेलाच. चित्रकार बाई आहेत, पण त्यांचं वय झालं. म्हणजे उरलो मी.
डेडलाइन २५ मार्च. दोनशे पानं. रोज दहा म्हणजे वीस दिवस. हातचा मळ. उद्या पहाटे पाचला बसायचं.

४ मार्च, ९.४०
पाचला उठलो होतो. गजर बंद करायला.
पहिलं वाक्य झालं: ‘डुबक्याचा जनक कोण, हा प्रश्न अनेकांना पडतो.’ बायकोनं वाचलं आणि कुणाकुणाला पडतो असं विचारलं. हिला लेखनातलं काही कळत नाही.

७ मार्च
एकूण पानं: दीड. पण पाया पक्का होतोय.
लेकीचा फोन आला. २८ तारखेला कंपनीनं ठेवलेल्या समारंभात पुस्तकातला कानाचा प्रसंग तीच वाचून दाखवणार आहे. नव्या मॅनेजरनं मला न विचारता परस्पर तिला सांगितलं. लेकही गेम बनवते, तेही डुबक्यामुळेच. ती चार वर्षांची असताना डाव्या कानाचं ऑपरेशन झालं आणि त्या कानानं ऐकू येणं गेलं. शाळेत चिडवायचे, ती दप्तर टाकून रडत बसायची. मी गेमचा डबा तिच्यापुढे धरला आणि सांगितलं की बघ, तुला सोबत म्हणून बाबानं याचा डावा कान काढून टाकला. दुसऱ्या दिवशी बाईसाहेब डबा काखेत मारून शाळेत.
असंच झालं. जवळजवळ.

९ मार्च
मॅनेजर म्हणते पुरावे हवेत. डुबक्याचं पहिलं चित्र काढलेला चौकटींचा कागद कुठाय? म्हटलं हरवला. मग चित्रकार बाईंना विचारा म्हणाली. म्हटलं त्यांना आता आठवत नाही. तर काल फोनवर बाईंनी तिला तेव्हाच्या खोलीतल्या खुर्च्यांचे रंगसुद्धा सांगितले म्हणे. डोक्याला नसता ताप.

११ मार्च, दुपारी
इतिहासकारानं स्वतःशी तरी खरं बोलावं, म्हणून इथे एकदाच लिहितो. पुन्हा नाही.
चित्र बाईंनी काढलं. आडव्या सोळा, उभ्या सोळा चौकटी. प्रत्येक चौकटीचा रंग म्हणजे एक आकडा, आणि ते आकडे कॉम्प्युटरमध्ये भरले मी. याला कुणी डेटा एन्ट्री म्हणेल. मी घडवणं म्हणतो. पंख्यानं कागद उडत होता म्हणून उजव्या कडेवर स्टीलची पट्टी ठेवली. पट्टीखाली दोन उभ्या रांगा गेल्या. मला वाटलं कोऱ्याच आहेत, शून्य भरत गेलो. त्या दोन रांगांत डुबक्याचा डावा कान होता; तो आपल्याकडे तोंड करून असतो, त्याचा डावा आपल्या उजवीकडे.
तेच चित्र छापलेले गेमचे चाळीस हजार डबे तयार झाल्यावर मालकांना दिसलं. दिवसभर ते कुणाशी बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी म्हणाले, राहू दे आता. पुढे लोक त्या कानावरच फिदा झाले. मग पट्टी कुणी ठेवली? मीच ना?

१४ मार्च
बाईंकडे केळी घेऊन गेलो. प्लॅन साधा होता: गोड बोलायचं, मूळ कागद ताब्यात घ्यायचा. दोन तास त्यांच्या गुडघ्यांबद्दल ऐकलं. मी हळूच विषय काढला की इतक्या वर्षांनी स्मरणशक्ती दगा देते. त्यांनी कपाटातून फाइल काढून कागद समोर धरला. दोन्ही कान. खाली त्यांची सही, तारीख. कडेला त्यांच्याच अक्षरात पेन्सिलनं: ‘कान पट्टीखाली राहिला.’
कागद नाजूक झालाय, माझ्याकडे सुरक्षित राहील, असं सुचवलं. त्यांनी तो कपाटात ठेवून किल्ली लावली आणि मला फोटोकॉपी दिली. मॅनेजरला फोटो आधीच पाठवलाय म्हणाल्या. केळीही ठेवून घेतली.

१८ मार्च
एकूण पानं: सहा. त्यातली चार माझ्याच परिचयात गेली.
नवी मांडणी सुचली. पट्टी मी ठेवली नाही, माझ्या अंतर्मनानं ठेवली. बापाच्या अंतर्मनाला लेकीचं दुखणं कळत असतं. हिला वाचून दाखवलं. काल गॅस चालू ठेवला तोही अंतर्मनानंच का, असं विचारून तिनं हॉस्पिटलची जुनी फाइल पुढ्यात टाकली. ऑपरेशन ऑक्टोबरमधलं. डबे त्याच वर्षी जूनमध्ये तयार होते.
म्हणजे अंतर्मनाला चार महिने आधीच कळलं असं लिहावं लागेल. लिहून पाहिलं. खोडलं.

२१ मार्च
मॅनेजरची मेल. दोनशे पानं वाचायला वेळ कुणाला आहे, त्याऐवजी भिंतीवर एक फलक लावू, साठ शब्दांचा, आणि मजकूर बाईंच्या कागदावरून आम्हीच लिहू. आभार मानलेत. अठरा दिवस मान मोडून काम केलं त्याचं हे फळ.
पुस्तक गेलं खड्ड्यात. पण लेकीला तो फलक सगळ्यांसमोर वाचायचाय. तिच्यासाठी काढून टाकलेला कान खरं तर पट्टीखाली गेला होता, हे तिला तिथे, माईकवर कळणार. माझी झोप उडाली आहे. आधी मीच सांगायला हवं.
तीनदा फोन केला. पहिल्यांदा हवेबद्दल बोललो, दुसऱ्यांदा तिच्या गाडीच्या टायरबद्दल. तिसऱ्यांदा तिनंच विचारलं, बाबा, बरं वाटत नाही का?

२५ मार्च
पत्र लिहिलं. फाडलं.
ठरलं. २८ तारखेला आजारी पडायचं.

२८ मार्च, सकाळी
कण्हत पडून राहिलो. हिनं थर्मामीटर लावला. अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. शर्टाला इस्त्री करून ठेवलीय म्हणाली.

२८ मार्च, संध्याकाळी
फलकावर कागदाचा मोठा फोटो. दोन्ही कान. लेकीनं खणखणीत आवाजात वाचलं की एका कर्मचाऱ्यानं ठेवलेल्या पट्टीमुळे कान राहून गेला. लोक हसले. तीही हसली. माझं नाव कुठेच नव्हतं आणि आयुष्यात पहिल्यांदा मला ते बरं वाटलं.
परतताना गाडी ती चालवत होती, मी शेजारी, ही मागे. हिय्या करून सगळं सांगून टाकलं. लेकीनं इंडिकेटर देऊन वळण घेतलं. तेवढ्यात ही मागून म्हणाली की तिच्या डावीकडे बसलाय, मोठ्यानं बोला. मग तेच सगळं पुन्हा, ओरडून, सिग्नलला. बाजूच्या स्कूटरवाल्यानंही ऐकलं.
लेक म्हणाली, ते तिला सातवीतच कळलं होतं. मालकांची मुलाखत कुठल्याशा मासिकात आली होती. ती रडत आईकडे गेली, तर आई म्हणाली, बाबाला सांगू नकोस, तो पाहुण्यांना ती गोष्ट सांगतो तेव्हा किती खुश असतो.
बावीस वर्षं! मला वाटायचं मी लेकीला जपतोय. या दोघी मला जपत होत्या. खूप लाज वाटली.
थोड्या वेळानं लेक म्हणाली, बाबा, सांग ना ती कानाची गोष्ट एकदा, पूर्वी सांगायचास तशी. मी सुरुवात केली. डब्यापर्यंत आलो आणि चष्मा काढून पुसायला लागलो. मग मागून हिनं सांगायला घेतलं, माझ्याच शब्दांत, मी थांबायचो तिथे थांबत. लेक गाडी चालवता चालवता उजवा कान आईकडे कलता करून शेवटपर्यंत ऐकत होती.