मामा माझ्या शर्टाशी काय बोलले

वाकड,
सोमवार, होळीनंतरचा

सौ. दीपमालाताई यांस,

गुरुदत्तचा सादर नमस्कार. तुमची कंबर आता कशी आहे? साडूभाऊंचा खोकला थांबला असेल अशी आशा करतो. आम्ही इकडे खुशाल आहोत, म्हणजे दिव्या खुशाल आहे आणि माझ्या पाठीत उसण भरली आहे. फोन असताना पत्र, आणि तेही तुमच्या शाळेच्या पत्त्यावर, याचं तुम्हाला नवल वाटेल. आमच्या घरात फोन स्पीकरवर ठेवायची पद्धत आहे, एवढंच तूर्त सांगतो.

काल रविवारी मी तुमच्या माहेरी कांदे काढायला गेलो होतो. चाकणच्या अलीकडच्या आपल्या त्या बारा गुंठ्यांना दोन बाजूंनी कंपन्यांच्या भिंती आल्या आहेत, हे तुम्ही दिवाळीत पाहिलंच आहे. बायामाणसं त्याच कंपन्यांच्या कँटीनला जातात, त्यामुळे काढणीला कोणी मिळेना. दिव्याने मला दोन कामं देऊन पाठवलं. एक, मामांना (तुमच्या आबांना) हातभार लावायचा. दोन, जेवताना हळूच विषय काढून त्यांना वाकडला राहायला यायला तयार करायचं. मामी गेल्याला दीड वर्ष झालं, चौऱ्याहत्तराव्या वर्षी माणसाने एकट्याने चूल आणि शेत दोन्ही किती दिवस ओढायचं, असं तिचं म्हणणं. त्यात चूक काही नाही.

पहिल्या कामाचं आधी सांगतो. पाणी तोडून पंधरा दिवस झाल्याने जमीन आवळलेली होती. मी जोर लावून पात ओढली, ती मुळापासून हातात आली आणि कांदा जागच्या जागी राहिला. असं मी पूर्ण एका वाफ्यात केलं. (लांबून पाहणाऱ्याला काम झालंय असंच वाटलं असतं.) मग पलीकडच्या वस्तीवरच्या सावित्रीबाई, ज्या मदतीला आल्या होत्या, त्यांनी माझ्या हातात खुरपं दिलं आणि मी पुन्हा त्याच वाफ्यात पहिल्यापासून उकरत बसलो. नंतर मला कांदे कापायला बसवलं. कांद्याची मान दोन बोटं राखून कापायची असते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नाही. मी बावीस वर्षं कंपनीच्या क्वालिटी खात्यात आहे, केसाएवढा फरक मला पार्टमध्ये दिसतो. तेव्हा मी प्रत्येक कांद्याची मान अगदी बुडाशी, साफ, एकसारखी कापली आणि तीन पाट्या भरल्यावर मामांच्या पुढे नेऊन ठेवल्या. मामा म्हणाले, बरं झालं. सावित्रीबाईंनी मात्र एक कांदा उचलून पाहिला आणि असे कापलेले कांदे महिन्यात सडतात, हे आता आधी खाऊन टाकावे लागतील, असं शांतपणे सांगितलं. मामा हे पाहूनही जावयाचा मान म्हणून गप्प बसले, असं मी समजलो आणि मला मनातून फार लाज वाटली. ते मुळात पाहूच शकले नव्हते, हे माझ्या ध्यानात आलं नाही.

बाराच्या सुमारास ऊन मी म्हणायला लागलं. मी शर्ट काढून ढिगाशेजारच्या कमरेएवढ्या मेखेला अडकवला, वर टोपी ठेवली आणि बनियनवर विहिरीकडे पाणी आणायला गेलो. परत येतो तर मामा त्या मेखेसमोर मांडी घालून बसलेले आणि माझ्या शर्टाशी बोलत होते. पहिल्यांदा मला हसू आलं. वाटलं, माझी थट्टा चाललीय, सावित्रीबाईही सामील असतील. पण सावित्रीबाई मान खाली घालून कांदे कापत होत्या आणि मामा अगदी गंभीर होते. ते म्हणत होते की पाव्हणं, तुमचा हात कामाला वळत न्हाई, पण तुमी येता, हे मला बरं वाटतं. दिव्यानं तुमाला कशापायी धाडलंय ते मला ठावं हाय. तुमी विषय काढायला बिचकताय, म्हणून मीच काढतो.

ताई, माझी अवस्था तुम्ही समजून घ्या. मागून बोलावं तर म्हातारा माणूस दचकणार, आणि न बोलावं तर शर्ट काही उत्तर देणार नाही. मी हळूच चालत मेखेमागे गेलो आणि बसून "हो मामा" म्हणालो. त्यांनी हात पुढे केला, तो शर्टाच्या रिकाम्या बाहीला लागला. त्यांनी बाही दाबून पाहिली. बराच वेळ ती तशीच धरून ठेवली.

"किती दिवस झाले?" मी विचारलं.

"डावा दिवाळीच्या आधीपासून गेला. उजव्याला नुसतं धुकं हाय. शिबिरातला डाक्टर म्हणला मोतीबिंदू हाय, पिकलाय, काढून घ्या."

मग काढून का घेतला नाही, अर्ध्या तासाचं तर काम आहे, आजकाल संध्याकाळी घरी पाठवतात, असं मी भडाभडा बोलत सुटलो. मामांनी मला पूर्ण बोलू दिलं. मग म्हणाले,

"तुमच्या मामी चालत गेल्या व्हत्या दवाखान्यात. बारीकच काम व्हतं."

ज्याला माणूस भितो ते त्याने डोळ्यांनी पाहिलेलं असेल, तर आपण कोणतं गणित मांडणार? सावित्रीबाईंनी पिठलं-भाकरी वाढली, मामांचा हात धरून पाण्याच्या तांब्यावर ठेवला. तो त्यांचा रोजचा सराव दिसला. आम्ही तिघं जेवलो. वाकडचा विषय माझ्याकडून निघाला नाही.

दुपारी निवड करायला बसलो. मामा डोळे मिटून (मिटले काय, उघडे काय) कांदा हातात घेत आणि लहान, मोठा, जोडकांदा, दुखावलेला अशा चार ढिगांत टाकत. मी शेजारी बसून तपासलं, ती माझी सवय. तासाभरात एकही चुकला नाही. माझ्या ढिगातले सात त्यांनी नुसते चाचपून परत दिले. मी त्यांना म्हणालो, की मामा, आमच्या कंपनीत तुम्हाला हसत घेतील. ते पहिल्यांदा हसले. मग आपणहून म्हणाले की कांदा वखारीत गेला की मी येतो डाक्टरकडे, पण दिव्याला आधी कळता कामा नये. ती रडंल, आणि ती रडली की माझा धीर सुटतो. मी त्यांच्या हातावर हात ठेवून शब्द दिला. निघताना त्यांनी मला बांधावरच्या मोहोरलेल्या आंब्यापर्यंत पोचवलं. वाट त्यांना पाठ आहे.

तर असा दिवस झाला. थोडक्यात सांगायचं तर मी कांदे खराब केले आणि मामा मजेत आहेत. साडूभाऊंना नमस्कार. कमरेला शेक देत जा.

आपला,
गुरुदत्त

ता. क. शब्द दिव्याला न सांगण्याचा दिला आहे. तुम्हाला कळू नये, असं मामा म्हणाले नाहीत.

ता. क. २. राहिलेली काढणी उरकायला मी उद्यापासून चार दिवस रजा घेतली आहे. खरं सांगितलं तर दिव्याही मदतीला येईल आणि मामांना पाहील, म्हणून तिला चाकणला कंपनीचं ट्रेनिंग आहे असं सांगितलंय. तिचा फोन आला तर ट्रेनिंग कसं चाललंय हे तुम्ही विचारू नका, म्हणजे झालं.

ता. क. ३. पत्र लिहिण्याचं खरं कारण हे. आज सकाळीच फोन करून विचारलं, पाडव्यानंतरच्या शुक्रवारी डॉक्टरांनी वेळ दिली आहे. परीक्षांचे दिवस आहेत हे मला कळतं, तरी दोन दिवस रजा काढून या. मामांनी आत नेताना हात धरायला तुम्हालाच मागितलंय. "थोरली रडत न्हाई," असं ते मोठ्या खात्रीने म्हणाले. मामी गेल्यावर तुम्ही मागच्या दारी बसून किती रडलात हे दिव्याने मला सांगितलंय, पण मी मामांना हो म्हणालो. त्यांना दिसत नाही, तेव्हा डोळ्यांचं काही नाही. आवाज तेवढा सांभाळा.