विहीर आटली, असं मीच सांगितलं होतं

प्रिय अप्पा,

नमस्कार. काल मल्लिनाथकाका कैऱ्या घेऊन आले होते. कुंभारीच्या रस्त्याला त्यांचं शेत आहे, आणि त्या शेतातल्या विहिरीत तुम्ही दर उन्हाळ्यात निम्म्या गल्लीला पोहायला शिकवलंत, हे तुम्हाला मी कशाला सांगायला हवं? बोलता बोलता आई त्यांना म्हणाली, "दोन वर्सामागं आटली होती न्हवं तुमची विहीर?"

काका हसले. "आमची विहीर? दुष्काळात आटली न्हाय ती. दोन वर्सामागं कशाला आटतीया?"

आईनं माझ्याकडं बघितलं. मी चहा टाकायच्या निमित्तानं आत गेले. चहात साखर दोनदा पडली.

म्हणून आज लिहायला बसले आहे. दुपारचे दोन वाजलेत, आई कूलरसमोर झोपली आहे, रस्त्यावर चिटपाखरू नाही. ती उठायच्या आत तुम्हाला सांगून टाकायचं आहे.

तुमची शिकवायची पद्धत आठवते का हो? तेलाचा रिकामा डबा, तोंडाला डाख देऊन बंद केलेला, सुती दोरीनं पाठीला बांधायचा आणि पाण्यात सोडायचं. "डबा सोडा" म्हणणाऱ्याचा डबा तुम्ही कधीच सोडला नाहीत. पाठीला डबा आहे हेच जो विसरायचा, त्याचा दुसऱ्या दिवशी बांधायचा नाही. मला नऊ दिवस लागले होते, आणि ते तुम्ही माझ्या लग्नातसुद्धा चारचौघांत सांगितलंत.

मग तुम्हीच विसरायला लागलात. घरात मोरी सापडेना, शर्टाची बटणं लागेनात. डॉक्टर म्हणाले, आवडीचं काहीतरी करू द्या. तुम्हाला विहिरीशिवाय दुसरं काय आवडायचं? उन्हाळा लागल्यावर मी तुम्हाला रोज सकाळी सहाला रिक्षानं नेऊ लागले. घरच्या उंबऱ्याला अडखळणारा माणूस त्या दगडी पायऱ्या न बघता उतरायचा. पाण्यात पडलात की तुम्ही पहिल्यासारखे. मी काठावर बसून नुसती बघत राहायचे.

एकदा तुम्ही वर बघून विचारलंत, "कुणाची गं तू?"

"तुमचीच की, अप्पा. महानंदा."

"माझी महानंदा एवढीशी हाय. ये हिकडं, डबा बांधू."

आणि शेहेचाळीस वर्षांच्या मला तुम्ही खरंच डबा बांधलात. मी तशीच पोहले, काय करणार? बाहेर आल्यावर लिंबाखाली बसून काकडी खाताना तुम्ही मला बजावलंत, "अजून लई कच्ची हायस. उद्या टायमावर ये." इतकी सुखात मी कित्येक वर्षांत नव्हते, अप्पा. तुम्ही मला ओळखत नव्हता आणि तरीही मी सुखात होते, हे आता लिहितानाही लाज वाटते.

मग तो रविवार आला. आमचे हे आपल्याबरोबर आले होते. यांना पोहता येत नाही. हे काठावर फोनवर बोलत उभे होते, आणि तुम्हाला ते तुमचेच एखादे घाबरट विद्यार्थी वाटले. तुम्ही मागून ढकललंत. डब्याशिवाय. मल्लिनाथकाकांनी उडी टाकून यांना केसांना धरून वर काढलं. तेवढा वेळ तुम्ही काठावरून ओरडत होतात, "हात मार की रं, हात मार!"

हे ओल्या कपड्यांनीच रिक्षात बसले. घरी आल्यावर एवढंच म्हणाले, "अप्पांना परत तिथं न्यायचं नाही. उद्या एखादं लेकरू असेल." काय चूक होतं त्यात? आईच्या बीपीमुळं तिला काही कळू द्यायचं नाही, असंही आम्ही दोघांनी ठरवलं.

पण दुसऱ्या दिवशी सहाला तुम्ही खांद्यावर पंचा टाकून दारात उभे! उद्या जाऊ म्हटलं, तर हललाच नाहीत. ऊन आहे म्हटलं, तर "सोलापुरात काय बर्फ पडंल व्हय?" म्हणालात. शेवटी माझ्या तोंडून निघून गेलं, "विहीर आटली, अप्पा."

तुम्ही खाली बसलात. "सगळी?"

"सगळी."

आईनंही ते ऐकलं आणि खरं मानलं. तो दिवस शांततेत गेला. म्हणून दुसऱ्या दिवशी मी तेच सांगितलं, आणि तिसऱ्या दिवशीही. माझ्यासाठी ते एकच वाक्य होतं. तुमची मात्र रोज नव्यानं विहीर आटत होती, आणि रोज तुम्ही तसेच खाली बसत होतात. हे मला दिसत नव्हतं का? दिसत होतं. पण दुसरं काय सांगायचं ते सुचत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मी दमले होते.

मग तुम्ही पाणी जपायला लागलात. उभं आयुष्य महापालिकेच्या नोकरीत गल्लीगल्लीत चाव्या फिरवून नळांना पाणी सोडलेला माणूस! तुम्ही अंघोळीची बादली परत पाठवायचात. पेला अर्धा प्यायचात आणि उरलेलं पाणी तांब्यात ओतून झाकून ठेवायचात. आई म्हणायची, "शाणा माणूस हाय, इसरला तरी पाणी इसरला न्हाय." तीही तुमच्या जोडीनं अर्धाच पेला घ्यायची. आपल्याकडं चार-चार दिवसांनी नळ येतो. पाणी पुरवून वापरणाऱ्या म्हाताऱ्याचं सोलापुरात कुणाला नवल? मीसुद्धा कौतुकच केलं.

मे संपता संपता तुम्ही चक्कर येऊन पडलात. डॉक्टर म्हणाले, अंगात पाणीच नाही. सलाईन लावलं. त्या नळीतले थेंब तुम्ही बराच वेळ बघत होतात, मग नर्सला म्हणालात, "बंद कर की गं ती चावी. वाया चाललंय."

तेव्हा मला कळलं. त्याच्या आधी नाही.

मी कानाशी वाकून म्हटलं, "अप्पा, विहिरीला पाणी आलंय. भरलीय." तुम्ही मान हलवलीत. "बघितल्याबिगर न्हाय सांगता येत." आणि दाखवायला तुम्हाला नेणार कसं? घरी आणलं तेव्हा तुम्हाला उभंही राहवत नव्हतं. दिवाळीच्या आधी तुम्ही गेलात. डॉक्टर म्हणतात, तुमच्या जाण्याचा त्या पाणी कमी पिण्याशी संबंध नाही, वय झालं होतं. त्यांचं खरं असेल. मला काहीच ठरवता येत नाही.

एक विचारू? हे तुमचं घर आहे, असं मी रोज सांगायचे, तुम्ही ऐकलं नाहीत. मी तुमची मुलगी आहे, ते कधी पटलं नाही. जेवण झालंय, हेही नाही. मग माझ्या सगळ्या बोलण्यातलं नेमकं एक खोटंच का हो खरं मानलंत?

तुमच्या पुण्यस्मरणाला सगळे म्हणाले, महानंदानं बापाचं लई केलं. मी प्रसाद वाढत राहिले.

आई कूस बदलते आहे, आता आवरतं घेते. उद्या सकाळी तिला मल्लिनाथकाकांच्या विहिरीवर नेणार आहे. आधी पाणी दाखवेन, मग सगळं सांगेन. यांना ढकललंत ते आणि त्यानंतरचंही. "मीसुदीक अर्धाच पेला पीत हुते की गं त्यांच्यासंगं," असं ती म्हणाली, तर ऐकून घेईन. ती पुन्हा माझ्याशी बोलली नाही, तर तेही सोसेन. पण त्या पाण्यासमोर तिच्याशी खोटं बोलणार नाही, हा माझा शब्द.

विहिरीला पाणी आहे, अप्पा. तेव्हाही होतं.

तुमचीच,
महानंदा