टॉनिकची बाटली

सूनबाई,

दुपारपर्यंत माझं मौन, आणि तोवर मनात ठेवणं जमणार नाही, म्हणून हे लिहून प्रार्थनेला निघाले.

काल बाहेर जेवताना तू वाइनचा ग्लास बाजूला सारलास, तेव्हा आमचं कन्यारत्न बोललंच, "एका घोटानं काय आभाळ कोसळतंय? आईची हवा लागली वाटतं!" तू हसून म्हणालीस, "वन्सं, दिवस राहिले असतील तर मला कळायच्या आधीच ते बाळापर्यंत पोचतं. इतकं चालेल, असं डॉक्टरसुद्धा सांगत नाहीत." अभिमानानं माझी मान ताठ झाली. जन्मभर दारूला न शिवलेल्या मला हे कारण ठाऊकच नव्हतं.

घरी येऊन मी नेहमीसारखं शक्तीचं टॉनिक चमच्यात ओतलं, आणि तू बाटलीवरची बारीक अक्षरं दाखवलीस. त्यातही मद्यार्क! दोन महिने मी माझ्या हातानं, देवाचं नाव घेऊन, तुला तेच पाजत होते. दुसरी असती तर तिनं घर डोक्यावर घेतलं असतं. तू स्वयंपाकघराचं दार लोटून हळूच सांगितलंस, वर मलाच पाणी दिलंस.

बाटली मोरीत ओतली आहे. दूध तापवून ठेवलंय, पिऊन तपासणीला जा. डॉक्टरांना टॉनिकचं आठवणीनं सांग. माझी लाज राखायला लपवू नकोस.

तपासणीहून आलीस की माझं मौन सुटायची वाट बघू नकोस. काय असेल ते लगेच सांग. बावीस वर्षांत मोडलं नाही, आज तुझ्याशी बोलायला मोडेन.

आई