रांगणारं बाळ

सोलापूर,
१२ जानेवारी

दिपालीच्या आबास,

पूनमचा नमस्कार. आमी दोघी बऱ्या हाय. तुमी आन् मेंढरं बरी असाल. वर सोलापूर लिवलंय ते चुकून न्हाय, मागनं सांगते.

फोनवर तुमच्याभवती धनगरांचा सारा तळ कान लावून बसतो, म्हणून शहाजी भावजींच्या हाती पिठासंगं ही चिठ्ठी धाडलीया. त्येंच्यावर रागावू नका, गप ऱ्हायला मीच सांगितलं हुतं.

तुमची ओवी हितंवर आली. कुणीतरी तळावर मोबाईलात धरली, आता सगळ्यांकडं फिरती. तिच्यात धनगर दिसभर मेंढरामागं, आन् त्येचं बाळ घरी उंबऱ्यावर रांगत वाट बघतंय. आमच्या शिलाईच्या कारखान्यात बायका मशीन थांबवून रडल्या.

व्हय, कारखान्यात. दिवाळीपासनं शाळेचे गणवेश शिवते. खोली घेतलीया, दिपालीला हितंच शाळेत घातलंय. सांगायला भ्याले.

ह्यो माझा नवरा, म्हणून लई मिरवले त्या दिशी. खोलीवर येऊन दिपालीला ऐकवली. तिनं सगळी ऐकली आन् विचारलं, "आई, आबांचं ते बाळ कुटं ऱ्हातं?"

आधी हसूच आलं. अगं, ती तूच की, म्हणलं. पटंना तिला. मी तर पहिलीत हाय, म्हणाली. दुसऱ्या दिशी शेजारच्या दगडाबाईंना सांगून आली, आबांना दुसरीकडं बाळ हाय म्हणून ते आमच्याकडं येत न्हाईत.

तवापासनं जिवाला चैन न्हाय. शिवताना सुई बोटात गेली. तुमच्यावर राग काढावा तर मी तरी कुटं घरी असते? मी येते तवा पोर दगडाबाईंकडं जेवून पेंगत असती. पुढचा दात पडला तिचा, तो मला दगडाबाईंनी दाखवला. लई लाज वाटली.

मेंढरं सोडा म्हणत न्हाय. मीबी मशीन सोडणार न्हाय, आत्ताच सांगते. गेल्या पावसाळ्यात आलात ते लोकर कातरून लगेच माघारी. ह्या बारीला निस्तं पोरीसाठी या. दोन दिस भावजी मेंढरं सांभाळतील, कबूल केलंय त्येंनी.

शाळा कुटं ते भावजी सांगतील, सुटायच्या येळी सरळ तिच्या दारात जाऊन उभं ऱ्हावा. सगळ्या पोरी एकाच गणवेशात बाहेर येतात. मला त्या येळी कामावरनं सुटता येत न्हाय. तुमाला एकट्यालाच तिला वळखावं लागंल.

तुमची,
पूनम